'हाय सोसायटी' (१९५६): ट्रेसीने नवरा निवडला, की तो तिच्या गळ्यात पडला?

केतकी_रविवार (धागाकर्ती)

रविवारी दुपारी धो धो पाऊस, बाहेर पडायची सोय नाही, म्हणून आईने कपाटातली जुनी डीव्हीडी काढली. 'हाय सोसायटी'. हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीचा १९५६चा रंगीत संगीतपट, दिग्दर्शक चार्ल्स वॉल्टर्स, गाणी कोल पोर्टरची. ग्रेस केली, बिंग क्रॉस्बी, फ्रँक सिनात्रा आणि वर जॅझचा बादशहा लुई आर्मस्ट्राँग. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी कॉलेजात होते आणि दोन तास नुसती ग्रेस केलीच्या कपड्यांकडे बघत बसले होते. या वेळी गाणी तितकीच आवडली, शेवट मात्र घशाखाली उतरेना.

न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधलं न्यूपोर्ट, समुद्राकाठी श्रीमंतांचे वाडे. ट्रेसी लॉर्डचं दुसरं लग्न उद्यावर आलंय, जॉर्ज नावाच्या सज्जन आणि कमालीच्या कंटाळवाण्या माणसाशी. पहिला नवरा डेक्स्टर (क्रॉस्बी) शेजारच्याच वाड्यात राहतो, गाणी रचतो आणि तिथल्या जॅझ महोत्सवासाठी त्याच्याकडे आर्मस्ट्राँगचा ताफा उतरलाय. तिसरा माइक (सिनात्रा), 'स्पाय' मासिकाचा बातमीदार. ट्रेसीच्या बापाचं एका नर्तकीशी प्रकरण चालू आहे. ते छापू नये म्हणून घरच्यांनी या मासिकाला लग्नाची बातमी करायची परवानगी दिली आहे. आदल्या रात्री ट्रेसी शॅम्पेन जरा जास्तच घेते, माइकबरोबर पोहायला जाते, सकाळी जॉर्ज बिथरतो. पाहुणे येऊन बसलेत, बँड तयार आहे, आणि ती त्याच मांडवात डेक्स्टरशी पुन्हा लग्न लावते.

जाहिरातीत काय, तर 'एक सुंदरी आणि तिघे'. मला मात्र तिने निवडल्याचं कुठे दिसलंच नाही. दीड दिवसात बाप, नवरा, होणारा नवरा असे सगळे तिला पाळीपाळीने सांगतात की तू थंड आहेस, गर्विष्ठ आहेस, पुतळा आहेस. बाप तर कहर करतो. बाहेरख्याली हा, आणि ऐकून घ्यायचं मुलीने! तुझ्यासारखी निर्दय मुलगी असली की माणूस मायेसाठी बाहेर जातो, असा एकूण सूर. आणि शेवटी पाहुण्यांपुढे काय बोलायचं तेही डेक्स्टर मागून सुचवतो. याला निवड म्हणायची?

(आई मधेच चहा टाकायला उठली होती, त्यामुळे तिचं मत अजून आलेलं नाही.)

तिरकस_कोन

संगीतपट आहे हो, कौटुंबिक न्यायालय नाही.

या प्रकारच्या सिनेमात माणसं संवादांतून ठरवत नाहीत, गाण्यांतून ठरवतात. हिशोब करा. जॉर्जच्या वाट्याला एकही गाणं नाही. संगीतपटात ज्याला गाणं नाही तो नवरदेव होत नसतो, हे पहिल्या वीस मिनिटांत कळतं. सिनात्राला दोन फक्कड प्रेमगीतं आहेत, पण दोन्ही तो एकटा म्हणतो, ट्रेसी नुसती ऐकते. त्याचं युगलगीत आहे ते त्याच्या छायाचित्रकार मैत्रिणीबरोबर, सेलेस्ट होल्मबरोबर. म्हणजे त्याची जोडीही तिथेच लागली. आणि ग्रेस केली सूर लावते तो कोणाबरोबर? क्रॉस्बीबरोबर, नावेवर, मधुचंद्राच्या आठवणीत. 'ट्रू लव्ह' हे त्या नावेचंच नाव. ते गाणं झालं तिथे निवड झाली, पुढचा तासभर ती ट्रेसीच्या लक्षात यायला लागतो एवढंच. त्या गाण्याची तबकडी इतकी खपली की गायिका नसलेल्या ग्रेस केलीलाही सोनेरी तबकडी मिळाली.

केतकी_रविवार

म्हणजे निवड कोल पोर्टरने केली. तेच तर म्हणतेय मी!

काळीपांढरी

मूळ दुखणं पाहायचं तर १९४०चा 'द फिलाडेल्फिया स्टोरी' बघा. दिग्दर्शक जॉर्ज क्युकर, कॅथरीन हेपबर्न, कॅरी ग्रँट, जेम्स स्टुअर्ट. त्याच्याही आधी ते फिलिप बॅरीचं नाटक होतं, १९३९चं. 'हाय सोसायटी' ही त्याचीच गाणी घातलेली आवृत्ती.

मूळ गोष्टीत डेक्स्टर दारुडा होता. लग्न मोडलं ते त्याच्या पिण्यावरून, आणि ती अडचणीच्या वेळी पाठीशी उभी राहिली नाही हा त्याचा राग. दोन्हीकडे चूक होती, म्हणून परतण्याला वजन होतं. १९५६मध्ये क्रॉस्बीसारख्या सर्वांच्या लाडक्या माणसाला दारुडा कोण करणार? मग तक्रार काय उरली, तर तो गंभीर संगीत सोडून लोकांच्या तोंडी बसतील अशी गाणी लिहितो. आता प्रेक्षक तिथे तीच गाणी ऐकायला तिकीट काढून बसलाय. त्याच्या डोळ्यांपुढे ती तक्रार करणारी बाई खडूसच ठरणार. नवऱ्याचा दोष पुसला, बाईचा तसाच ठेवला. तराजूचं एक पारडंच काढून घेतलं की हो.

आणखी एक. ते नाटक हेपबर्नसाठीच लिहिलेलं. १९३८ साली चित्रपटगृहवाल्यांनी तिला 'तिकीटबारीचं विष' ठरवलं होतं. ही बाई फार शिष्ट, असं लोकांचं मत. तेव्हा शिष्ट बाई जरा खाली उतरते, अडखळते, हसते, हे पाहून लोकांनी प्रत्यक्षातल्या हेपबर्नला माफ केलं. नाटकाचे हक्क तिने स्वतःकडे ठेवले होते, म्हणजे आपली ही खरडपट्टी तिने स्वतःच घडवून आणली! ग्रेस केलीला १९५६ साली कोणाची माफी नको होती. मग तिला एवढं बोलून घ्यायचं कारण काय? त्यामुळे बापाचा तो प्रसंग जुन्या सिनेमात बोचतो आणि नव्यात नुसता अपमान वाटतो. केतकीताईंशी सहमत, पण दोष सगळ्या गोष्टीचा नाही, या आवृत्तीचा.

निवृत्त_नाना

तुम्ही मंडळी फार खोलात जाता बुवा. गर्विष्ठ सुंदरी, तिचा अहंकार उतरतो, मग खरा माणूस ओळखू येतो, ही गोष्ट काय हॉलिवूडने शोधली? खाडिलकरांचं 'संगीत मानापमान' १९११चं. भामिनी गरीब म्हणून धैर्यधराचा अपमान करते, पलीकडे पैसेवाला लक्ष्मीधर आहेच. शेवटी मान कोणाचा, अपमान कोणाचा, हे कळतं. बालगंधर्वांच्या भामिनीवर महाराष्ट्र लुब्ध होता, तिची निवड झाली की लादली गेली असं कोणी विचारलं नाही. तोच प्रकार हा. गाणी ऐका, खूश व्हा.

आणि तो आर्मस्ट्राँग सुरुवातीला बसमधून येता येता सगळ्या गोष्टीची प्रस्तावना गाऊन सांगतो, तो आमच्या नाटकातला सूत्रधारच. फक्त नांदीऐवजी कॅलिप्सो, म्हणजे वेस्ट इंडीजकडचं गाणं.

केतकी_रविवार

नाना, सूत्रधार एकदम पटला. पण 'मानापमान' तुम्ही माझ्याच बाजूने आणलंत. भामिनी स्वतःच्या पायांनी छावणीत जाते, वनमाला बनून. माणूस कसा आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघते आणि मग ठरवते. ट्रेसी कुठे जाते? ती घरातच असते, पुरुष एकेक येऊन तिचं परीक्षण करून जातात.

निवृत्त_नाना

हं. वनमालेचा मुद्दा लक्षात नव्हता आला. तरी गाणी ऐकाच.

तिरकस_कोन

पण ट्रेसी काहीच करत नाही हे खोटं आहे. बातमीदार घरात घुसवल्याचा राग ती कसा काढते? मामाला बाप म्हणून आणि बापाला मामा म्हणून पेश करते आणि सगळ्यांना नाचवते. पिते ती, पोहायला जाते ती, सकाळी जॉर्जला वाटेला लावते तीही. ग्रेस केलीने प्यायलेली ट्रेसी काय झकास केलीय! बर्फाची राणी म्हणून मिरवणारी नटी पाय अडखळत खिदळते, तिथे ती कोणाची तरी मुलगी किंवा बायको म्हणून वागत नाही. तुम्ही संवाद ऐकताय, मी चालणं बघतोय.

आणि त्या काळी हॉलिवूडला आचारसंहिता होती, हेही धरा. विवाहित बाई परक्या पुरुषाबरोबर रात्री पोहायला गेली असं पडद्यावर सहज चालत नसे. घटस्फोट घेतलेली असली आणि शेवटी पहिल्याच नवऱ्याकडे परतली की सगळं माफ. तीसच्या आणि चाळीसच्या दशकांत अशा सिनेमांचं पीकच आलं होतं. स्टॅन्ली कॅव्हेल या तत्त्वज्ञाने त्यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय, त्यात 'फिलाडेल्फिया स्टोरी' आहे. त्याचं म्हणणं, यांतला प्रश्न 'कोणाशी लग्न करू' हा नसतोच, 'याच माणसाशी पुन्हा करू का' हा असतो. तसं पाहिलं तर तिघांतून एक हा प्रश्न जाहिरातवाल्यांचा, सिनेमाचा नव्हे.

शेंगदाणा

एवढं तत्त्वज्ञान चाललंय म्हणून जरा गणित मांडतो. चित्रीकरणाच्या वेळी ग्रेस केली २६ वर्षांची, क्रॉस्बी ५२. बरोब्बर दुप्पट. पडद्यावरचा तिचा बाप सिडनी ब्लॅकमर १८९५चा, क्रॉस्बी १९०३चा. म्हणजे जावई सासऱ्याहून आठ वर्षांनी लहान! सिनात्रा निदान चाळीशीत होता. मी जॉर्जच्या बाजूने होतो असं नाही, पण त्या नावेवरच्या गाण्यात मला मधुचंद्र दिसतच नाही, काकांनी पुतणीला जलविहाराला नेलंय असं वाटतं.

काळीपांढरी

आणि त्याआधी दोनच वर्षं 'द कंट्री गर्ल'मध्ये ती त्याचीच बायको होती. तिथे मात्र तो दारुडा, आणि चांगला दारुडा. ऑस्कर मिळालं तिला. म्हणजे क्रॉस्बीला ते जमत नव्हतं असं नाही, इथे ते कोणालाच नको होतं.

जॅझ_आणि_पोहे

तुम्ही सगळे चुकीच्या माणसांकडे बघताय. हा सिनेमा 'नाउ यू हॅज जॅझ'साठी आहे. क्रॉस्बी एकेक वाद्य बोलावतो आणि आर्मस्ट्राँगचे साथीदार पुढे येतात. एडमंड हॉलची क्लॅरिनेट, ट्रमी यंगचा ट्रॉम्बोन, बिली काइलचा पियानो, आर्वेल शॉचा डबल बेस, बॅरेट डीम्सचे ड्रम. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात तेवढ्या चार मिनिटांत खरी माणसं येतात. न्यूपोर्टचा जॅझ महोत्सवही खरा, १९५४ साली सुरू झालेला.

दुसरा तुकडा क्रॉस्बी-सिनात्रा जोडीचा, 'वेल, डिड यू एव्हा'. बाहेर मेजवानी चालू आणि हे दोघे आत दारू ढोसत एकमेकांची फिरकी घेतायत. सिनात्रा पोरवयात क्रॉस्बीला देव मानायचा आणि पडद्यावर दोघे एकत्र पहिल्यांदाच. हे गाणं या सिनेमासाठी लिहिलेलं नाही, पोर्टरच्याच १९३९च्या नाटकातलं आहे. तिथे रंगमंचावर ते बेटी ग्रेबलबरोबर कोण गायचा माहितीये? चार्ल्स वॉल्टर्स. होय, हाच दिग्दर्शक!

मला विचाराल तर त्या सिनेमातली सगळ्यात जमलेली जोडी हीच दोघं. ट्रेसी राहू द्या बाजूला.

उंबरठा

आर्मस्ट्राँगवरून एक खटकतं. त्याला सगळं माहीत, डेक्स्टरची बाजू तोच घेतो, शेवटी लग्नाची धून वाजवतो आणि 'गोष्ट संपली' म्हणतो. पण गोष्टीत त्याला जागा नाही. ट्रेसी कोणाला निवडते यावर तुम्ही भांडताय. त्या घरात जो सगळ्यात मोठा कलावंत आलाय तो पाहुणा की नोकर, हे सिनेमा सांगतच नाही. १९५६च्या अमेरिकेत हा साधा प्रश्न नव्हता.

जॅझ_आणि_पोहे

मान्य. त्याच्या पात्राला वेगळं नाव द्यायचीही गरज पडली नाही, तो 'लुई आर्मस्ट्राँग' म्हणूनच येतो. मोठेपणाही आहे त्यात, आणि तुम्ही म्हणता ते दाराबाहेर ठेवणंही.

शेंगदाणा

अवांतर: सिनात्रा आणि सेलेस्ट होल्म लग्नाच्या भेटवस्तूंच्या ढिगाऱ्यात उभे राहून 'कोणाला व्हायचंय करोडपती? मला नाही' अशा अर्थाचं गाणं म्हणतात. ब्रिटनमधल्या प्रश्नमंजूषेने १९९८ साली तेच शब्द नाव म्हणून उचलले आणि २०००मध्ये आपल्याकडे 'कौन बनेगा करोडपती' झालं. गाण्याचा अर्थ बरोबर उलटा करून. कोल पोर्टर वरून हसत असेल.

तिरकस_कोन

अवांतरात भर: ट्रेसीच्या बोटातली अंगठी नकली नाही. मोनॅकोच्या राजपुत्राशी ग्रेस केलीचं लग्न ठरलेलं होतं, त्यानेच दिलेली ती कार्टिए या जवाहिऱ्यांची अंगठी, १०.४७ कॅरटचा हिरा. एप्रिल १९५६मध्ये लग्न, जुलैत सिनेमा लागला, आणि तिने पुन्हा कधी सिनेमा केला नाही. आता गंमत बघा, कथेत ती अंगठी जॉर्जने दिलेली आहे. राजपुत्राची अंगठी घालून ती जॉर्जला नकार देते.

केतकी_रविवार

ही अंगठीची गोष्ट आईला वाचून दाखवली. तिला माहीत होती. मग मी मुद्द्याचं विचारलं, की तुझ्या मते तिने योग्य माणूस निवडला का. तर म्हणाली, "सिनात्राला घ्यायला हवा होता, पण त्याला घर नव्हतं." इति आई. तिरकसराव, तुमच्या युगलगीतांच्या हिशोबाला हे उत्तर पुरेसं आहे का बघा.

आणि दुसरं. काल संध्याकाळी आम्ही शेवटचा अर्धा भाग परत लावला, तुम्ही म्हणालात ते ट्रेसीचं चालणं बघायला. (चालणं खरंच छान आहे, तेवढं मागे घेते.) मग बापाचा प्रसंग परत बघू म्हणून मागे नेलं, आणि आई चहा टाकायला उठली. रविवारीही नेमकी तिथेच उठली होती. मी विचारलं, दर वेळी इथेच कसा गं चहा आठवतो तुला? स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "तो भाग पाठ आहे मला."