पाटाची भेग भरलेली टिकत नाही, सर्वांत मजबूत गोंद कोणता? (तातडीने मदत हवी आहे)

रामबागकर:
गेल्या वर्षापासून इंदूरला घराच्या गच्चीवर मी छंद म्हणून सुतारकाम करतो. पहिलीच धड वस्तू म्हणून केलेल्या सागवानी पाटाला मधोमध उभी भेग पडली आहे. फेव्हिकॉलमध्ये भुसा कालवून ती मी दोनदा भरली. दोन्ही वेळा आठ-दहा दिवसांत ती उघडली, आणि दुसऱ्या वेळी तर तिला लागूनच केसासारखी नवी रेघ उमटली. येत्या अठरा तारखेला भाच्याची मुंज आहे आणि बटू याच पाटावर बसेल, असे मी बहिणीला कबूल करून बसलो आहे. कृपया गोंदाचे नाव तेवढे सांगावे.

सुतारपक्षी:
आराल्डाइट. दोन नळ्यांतील द्रव्य सारख्या प्रमाणात कालवून भरावे आणि चोवीस तास पाटाला हात लावू नये. माझ्या खुर्चीचा पाय असाच जोडला असून तो चार वर्षे टिकला आहे.

वखारवाला नातू:
गोंदाआधी काही गोष्टी कळायला हव्यात. पाट एका फळीचा आहे की दोन फळ्या जोडलेल्या आहेत? रुंदी किती? कोणत्या महिन्यात केला? खालच्या आडव्या पट्ट्या कशा बसवल्या आहेत?

रामबागकर:
पाट म्हणजे पाट. खाली दोन पट्ट्या असतातच. भेग वर पडली आहे, पट्ट्या उत्तम आहेत. लाकूडही चांगले सी.पी., म्हणजे जुन्या मध्य प्रांताकडचे, सागवान आहे.

यंत्रयुग:
मुळात हातरंध्याने फळी कधीच सपाट होत नाही आणि सगळा ताण तिथेच सुरू होतो. विजेवरचा प्लेनर घ्यावा. दोन तासांचे काम दहा मिनिटांत होते. मी घेतल्यापासून हातरंधा माळ्यावर टाकून दिला आहे.

वखारवाला नातू:
प्लेनरचा येथे काहीही संबंध नाही. रामबागकर, पट्ट्यांचे सांगा.

रामबागकर:
बरे, सांगतो. एकच फळी, तीस सेंटिमीटर रुंद. ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी केला. पट्ट्यांना पूर्ण लांबीभर फेव्हिकॉल लावून वर तीन-तीन स्क्रू घट्ट पिळले, कारण पाट डुगडुगलेला मला चालत नाही.

वखारवाला नातू:
मग दोष गोंदाचा नाही. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आक्रसते. तीस सेंटिमीटरची सागवानी फळी ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत साधारण दोन मिलिमीटर सहज आत येते. तुमच्या पट्ट्यांची लांबी मात्र फळीच्या रुंदीच्या दिशेने बसलेली असल्याने त्या तसूभरही हलत नाहीत, आणि त्यांनी दोन्ही कडांना धरून ठेवल्यामुळे बिचारी फळी मधेच फाटली. आराल्डाइटची भेग कदाचित उघडणार नाही, पण लाकूड शेजारी फाटेल. तुमची नवी रेघ तेच सांगते आहे.

जुने इंदूर:
हे फार पुस्तकी वाटते. आमच्या आजोबांच्या पाटांना सरळ खिळे ठोकलेले होते आणि त्यांवर तीन पिढ्या जेवल्या.

वखारवाला नातू:
खिळा थोडा वाकून फळीला वाट देतो. गोंद आणि स्क्रू मिळून देत नाहीत. शिवाय कसबी सुतार पाटाच्या खाली आत रुंद आणि तोंडाशी अरुंद अशी खाच काढून पट्टी नुसती सरकवत असत, गोंदाशिवाय. आजोबांचा पाट एकदा उलटा करून पाहा.

जुने इंदूर:
पाहिला. दोन पाटांना खिळे आहेत. तिसऱ्याची पट्टी हाताने सरकते. इतकी वर्षे मी ती निखळली आहे असे समजत होतो.

गृहिणी४५२:
सागवान घासताना तोंडावर मास्क जरूर असावा. ती बारीक धूळ छातीला आणि त्वचेला त्रास देते. पाटाला जवसाच्या तेलाचा हात दिल्यास रंगही खुलतो. तेलाची चिंधी मात्र बोळा करून टाकू नये, पसरून वाळवावी. ती आपोआप पेट घेऊ शकते.

रामबागकर:
तेलाचे नंतर पाहू. आठ दिवसांत काय करता येईल?

वखारवाला नातू:
स्क्रू काढा. पट्टीवर ओले फडके ठेवून गरम इस्त्री फिरवा. फेव्हिकॉल उष्णतेने नरम पडतो, मग पातळ सुरी सरकवत पट्टी सोडवा. भेगेतला जुना भरणा हॅक्सॉच्या पात्याने खरवडून काढा, नवा गोंद लावा आणि दोरीच्या फेऱ्यात काठी घालून पीळ देत कडा आवळा. पट्ट्या परत लावताना गोंद अजिबात नको. मधला स्क्रू घट्ट, कडेचे दोन लांबट भोकांत, वॉशर घालून.

रामबागकर:
काल रात्री दुसरी पट्टी सुटताना इतका मोठा आवाज झाला की पाट गेलाच असे वाटले. पण भरणा काढल्यावर भेग दोरीच्या दुसऱ्याच पिळाला मिटली. नखाने चाचपले तरी जेमतेम लागते. भोक किती लांब ठेवू?

वखारवाला नातू:
स्क्रू चार मिलिमीटरचा असेल तर आठ, पट्टीच्या लांबीच्या दिशेने.

यंत्रयुग:
मग प्लेनरचे काय ठरले?