बाळाचं नाक गळून राहिलं तेव्हा तुम्ही काय केलं? (अनुभव धागा)

मनीषनगर, सव्वा वर्षाच्या मुलीची आई (धागा मीच काढतेय)

थंडी पडली आणि आमच्या घरी नाक सुरू झालं. पोरीची या हिवाळ्यातली ही तिसरी सर्दी. पाळणाघरात घातल्यापासून एक जात नाही तोच दुसरी हजर. डॉक्टर म्हणतात, या वयात वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होतेच, पाळणाघरातल्या मुलांना त्याहून जास्त. दवाखान्यात बसून ऐकायला बरं वाटतं, रात्री दोन वाजता नाही. सल्ले नकोत, ते घरात ढीगभर आहेत. तुमच्याकडे काय घडलं तेवढं लिहा. फसलेलंही लिहा.

माझ्यापासून सुरू करते. पोरगी पाच आठवड्यांची होती. छातीशी घेतली की दोन घोट प्यायची, सोडायची आणि लालबुंद होऊन रडायची. पुन्हा घेतलं की पुन्हा तेच. सासूबाई, आत्या, मालिशवाल्या बाई, सगळ्यांचं निदान एकच: दूध पुरत नाही. संध्याकाळपर्यंत पावडरच्या दुधाचा डबा ओट्यावर आला. खोटं कशाला सांगू, मलाही तेच वाटायला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला माझ्याजवळ पाजायला लावलं, नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "दूध आहे हो भरपूर. नाक बंद आहे." पहिले काही महिने बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. तोंडात दूध आणि नाक चोंदलेलं, तर त्या जिवानं प्यावं की श्वास घ्यावा? पाजायच्या जरा आधी दोन्ही नाकपुड्यांत सलाईनचे (मिठाच्या पाण्याचे) दोन-दोन थेंब, मग आलेलं अलगद पुसायचं, आणि थोडं थोडं करून जास्त वेळा पाजायचं. त्या रात्री ती प्यायली आणि माझ्या मांडीवरच झोपली. डबा सील न फोडता दुकानात परत गेला.

नंदनवन, दोन पोट्ट्यांची माय

थेंबांवरून आठवलं. मेडिकलमध्ये (दुकान म्हणून राहिली मी, आपलं नागपूरचं मोठं मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल नाही) जाऊन "नाकाचे ड्रॉप द्या" असं कधी म्हणू नका. मी तसंच म्हटलं होतं. त्यानं मोठ्या माणसांचं नाक मोकळं करायचे औषधाचे थेंब दिले, झायलोमेटाझोलिनचे. बाटली तेवढीच, झाकणही तसंच. पोट्टं आठ महिन्यांचं. नणंद नर्स आहे म्हणून वाचलो, तिनं हातात घेऊन वाचली आणि माझ्याकडे अशी पाहिली की विचारू नका. आता मी दुकानात उभं राहून वाचते: सोडियम क्लोराइड 0.65 टक्के. म्हणजे मिठाचं पाणीच. बाटली फोडली त्या दिवसाची तारीख पेनानं लिहून ठेवते, आणि मोठ्याची बाटली लहान्याला नाही.

त्रिमूर्तीनगर, बाबा

नाक ओढायचा तो रबरी फुगा माझ्या खात्यात होता. मी आधी टोक नाकात घालायचो आणि मग फुगा दाबायचो. म्हणजे शेंबूड बाहेर काढायच्या ऐवजी आत हवा फुंकत होतो! तीन दिवस. चौथ्या दिवशी बायकोनं पाहिलं. फुगा आधी बाहेर दाबायचा, दाबलेलाच ठेवून टोक नाकपुडीच्या तोंडाशी लावायचं, मग हळूहळू सोडायचा. त्याआधी सलाईन घातलं नाही तर घट्ट झालेलं काही येत नाही.

जमायला लागल्यावर मला चेवच चढला. दर तासाला फुगा. नाक आतून सुजलं आणि पहिल्यापेक्षा जास्त बंद झालं, शेवटी रक्ताचा ठिपकाही आला. आता दिवसातून तीन-चार वेळा, दूध आणि झोप यांच्या आधी. जुना फुगा टाकताना कुतूहलानं ब्लेडनं कापून पाहिला. आत काळी बुरशी. पुढचं वर्णन करत नाही, कोणी जेवत असेल.

महाल, आजी

मी चार लेकरं वाढवली, तेव्हा असले फुगे नव्हते. नाकाखालचं पुसायला जुन्या धोतराचा फडका, आणि कातडी सोलवटली की खोबरेल तेलाचं बोट. हे आजही करते आणि नातवाच्या डॉक्टरीणबाईंनाही चालतं. कागदी रुमालानं त्याचा ओठ लाल झाला होता, धोतरानं दोन दिवसांत बरा.

पण सगळंच चाललं नाही. 29 डिसेंबर 2018, आपल्या नागपुरात पारा 3.5 वर गेला होता तो दिवस. नातू दीड महिन्याचा. मी खोली बंद केली, कोळशाची शेगडी ठेवली, वर ओवा आणि लसणाची सालं टाकून धुरी दिली. माझ्या चारही लेकरांना दिली होती. नातवाचं नाक पाण्यासारखं वाहू लागलं, डोळे चुरचुरून तो थांबेचना. सुनेनं काही न बोलता दार उघडलं आणि बाळाला घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. मला राग आला होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, धुरानं नाक आणखी सुजतं, आणि बंद खोलीतली कोळशाची शेगडी तर जीवच घेते. नाकात तेल सोडायचं नाही, ते फुप्फुसात उतरतं. कापूर दोन वर्षांच्या आतल्या मुलाजवळ नको, पोटात गेला तर झटके येतात. मधाचं चाटण वर्षाच्या आत नाही.

मी विचारलं, "मग माझी लेकरं कशी वाढली?" बाई हसल्या नाहीत, म्हणाल्या, "तुमच्या नशिबानं आणि त्यांच्या." हे मला लगेच पटलं नाही. शेगडी मात्र माळ्यावर गेली ती गेलीच.

धरमपेठ, मावशी

आमच्या बहिणीच्या पोरीला सर्दीत संत्रं बंद, केळं बंद, दही बंद. नागपुरात राहून डिसेंबरात संत्रं बंद! दोन वर्षांची पोर टोपलीकडे पाहून रडायची. डॉक्टरांनी विचारलं, "संत्र्यानं सर्दी होते असं कोणी सांगितलं?" सगळे एकमेकांकडे पाहू लागले. सर्दी होते ती विषाणूंनी. आता बी काढून फोडी मिळतात.

सक्करदरा, तीन वर्षांच्या पोराची आई

हा किस्सा लाजत लिहून राहिली. पोराचं नाक आठवडाभर गळत होतं, पण फक्त उजवीकडून. पुसून पुसून थकलो. मग वास यायला लागला, कुजका. मी दात घासले, त्याचे घासले, उशीचे अभ्रे धुतले. वास तिथंच. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी बॅटरी लावली आणि चिमट्यानं काढला एक फुगलेला तुरीचा दाणा. आठ दिवसांपूर्वी सासूबाई अंगणात तुरीच्या शेंगांचे सोले सोलत बसल्या होत्या, हा बाजूला. एक दाणा परातीत, एक तोंडात आणि एक नाकात गेला असणार.

एकाच नाकपुडीतून घाण वासाचं येत असेल तर सर्दी समजून बसू नका, आणि पिनेनं, बोटानं काढायला जाऊ नका, आत सरकतो. सोले भात त्या हिवाळ्यात आमच्याकडे झालाच नाही.

झिंगाबाई टाकळी, बाबा

खोकल्याच्या सिरपबद्दल एकच. 2025 च्या ऑक्टोबरात छिंदवाड्याकडची लेकरं किडन्या निकामी होऊन आपल्या नागपुरातच आणत होते. सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. कित्येक वाचली नाहीत. त्याच वेळी केंद्राची सूचना आली: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहू नयेत, पाच वर्षांखालीही सहसा नकोत. आमच्या फ्रिजच्या दारात मागच्या वर्षीच्या दोन अर्ध्या बाटल्या होत्या. त्या रात्री फेकल्या. पोराची सर्दी औषधाविना आठ दिवसांत गेली. शेंबूड मधे हिरवा-पिवळा झाला होता, पण तेवढ्यानं अँटिबायोटिक लागत नाही हेही तेव्हाच कळलं.

कामठी रोड, अंगणवाडी सेविका

तुमचं सगळं वाचून हसली, पण एक गोष्ट राहिली म्हणून लिहून राहिली. नाक गळतंय ते गळू द्या, छाती पाहा. बाळ शांत असताना किंवा झोपेत अंगावरचं झबलं वर करा आणि पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान लेकरांचा श्वास कमी-जास्त होतो. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा वर, वर्षापर्यंत 50 किंवा वर, पाच वर्षांपर्यंत 40 किंवा वर असेल तर थांबायचं नाही.

आमच्या वस्तीतलं सात महिन्यांचं पोट्टं. तीन दिवस साधं नाक, खेळून राहिलं होतं. चौथ्या दिवशी त्याची माय म्हणाली, "ताई, आज दूधच ओढून नाही राहिला." मी मोजलं, 58. पुन्हा मोजलं, 60. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत होता. बाप म्हणाला, उद्या सुट्टी आहे, उद्या नेतो. मी त्याच्याच गाडीवर मायलेकराला बसवलं. दवाखान्यात ऑक्सिजन लागला, पाच दिवसांनी घरी आलं. बारीक श्वासनलिकांची सूज होती. ती सर्दीसारखीच सुरू होते आणि तिसऱ्या-पाचव्या दिवशी वाढते.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 ताप आला तरी घरचे उपाय बंद, तडक दवाखाना. लंगोट दिवसभर कोरडा, ओठ निळसर, उठवूनही उठत नाही, तेव्हाही तसंच.

मनीषनगर, धागा काढणारी

काल रात्री पुन्हा नाक. पहिल्यांदाच घड्याळ लावून श्वास मोजले. पहिल्या खेपेला मधेच चुकले, दुसऱ्यांदा 32 आले. सलाईन घातलं, ती चिडली, माझ्या गाऊनला नाक पुसलं आणि झोपली. आई गावाहून आली आहे, तव्यावर ओवा भाजून पुरचुंडी बांधून राहिली. पाळण्यात नको म्हटलं, खिडकीला बांध. "खिडकीला सर्दी झाली का?" म्हणाली, आणि बांधली.