हरिकेनच्या मोसमातली कॅरिबियन क्रूझ : तुमचे अनुभव लिहा

भारतातून आईबाबा आले की कुठे न्यायचं ही चर्चा आमच्या ग्रुपमध्ये दर उन्हाळ्यात होते, आणि कोणीतरी सप्टेंबरमधल्या क्रूझचे भाव दाखवतं. अमेरिकेत शाळा सुरू झालेल्या असतात, बोटींना गर्दी नसते, बाल्कनीची खोलीसुद्धा परवडेल अशी मिळते. पण अटलांटिकमध्ये हरिकेनचा म्हणजे चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्याचा जोर, आणि १० सप्टेंबरच्या आसपास सगळ्यात जास्त. म्हणजे स्वस्ताई नेमकी तेव्हाच का आहे ते उघड आहे.

माझं मत आधीच सांगते. बोट बुडेल ही भीती आपल्याकडे सगळ्यात मोठी असते, आणि तीच मला सगळ्यात कमी वाटते. मोठी क्रूझ बोट २० नॉटच्या (ताशी साधारण ३७ किलोमीटर) आसपास पळते, वादळ बहुतेक वेळा त्याहून बरंच सावकाश सरकतं, आणि कॅप्टनच्या हातात काही दिवस आधीचे अंदाज असतात. तो बाजूला होतो. बाजूला होता येत नाही ते बंदराला, विमानतळाला, आपल्या घराला. त्रास होतो तो तिथे.

ज्यांनी या महिन्यांत क्रूझ केली, रद्द केली किंवा बोटीवर नोकरी केली, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. कंपन्यांची नावं नकोत. काय झालं आणि काय उपयोगी पडलं, तेवढं हवं.

ह्यूस्टनहून

२०१७, हार्वी वादळ. आम्ही ह्यूस्टनजवळच्या गॅल्व्हेस्टन बंदरातून निघालो तेव्हा हार्वी कॅरिबियन समुद्रात विरून गेलं होतं, नुसता ढगांचा पट्टा उरला होता. कोणी त्याचं नावही घेत नव्हतं. ते मेक्सिकोचं युकातान ओलांडून गल्फमध्ये म्हणजे मेक्सिकोच्या आखातात आलं, पुन्हा उभं राहिलं आणि दोन दिवसांत श्रेणी ४ चं (पाचपैकी) झालं. २५ ऑगस्टच्या रात्री टेक्सासमध्ये रॉकपोर्टजवळ किनाऱ्याला लागलं. तो दिवस गणेश चतुर्थीचा होता.

त्या वर्षी गणपती धाकट्या दिरांकडे शुगर लँडला होता. गौरी यायच्या आत आम्ही घरी पोचणार होतो, मुखवटे आणि साड्या माझ्याच कपाटात. वाऱ्याचा मार ह्यूस्टनला फारसा नव्हता, पण पाऊस शहरावर ठाण मांडून बसला. रत्नागिरीला अख्ख्या जुलैत पडतो तेवढा चार दिवसांत पडला. पोर्ट बंद. बोट गल्फमध्ये फिरत राहिली, मग न्यू ऑर्लिन्सला लागली, अन्नपाणी भरलं. ज्यांना उतरून स्वतःच्या सोयीने जायचंय त्यांनी जावं, अशी घोषणा झाली. जाणार कसे? ह्यूस्टनचे दोन्ही मोठे विमानतळ बंद, हायवे ठिकठिकाणी पाण्याखाली, आणि आमची गाडी गॅल्व्हेस्टनच्या पार्किंगमध्ये.

बोटीवर कसलीच कमतरता नव्हती, हे मुद्दाम सांगते. जेवण, शो, सगळं चालू होतं. पण माझा जीव फोनमध्ये. जावेने फोटो पाठवला, गणपती चौरंगासकट उचलून वरच्या मजल्यावर बेडरूममध्ये नेला होता. मखर खालीच. आरतीला घरातली चार माणसं, बाहेर गल्लीत पाणी. तो फोटो बघून मी डायनिंग हॉलमधून उठून आले.

खरी धावपळ झाली ती सासऱ्यांच्या औषधांची. प्रवासापुरत्या गोळ्या मोजून आणल्या होत्या, त्या संपल्या. बोटीवर डॉक्टर असतात, पण तपासणीची फी वेगळी, आणि आम्ही सांगतोय ग्लायकोमेट (मधुमेहाची गोळी), त्यांना ते नाव माहीत नाही. मेटफॉर्मिन म्हटल्यावर लगेच मिळाल्या. रक्तदाबाच्या गोळीचं मूळ नाव शोधायला पुण्याच्या केमिस्टला फोन लावला. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येकाच्या पाकिटात औषधांची मूळ नावं आणि मात्रा लिहिलेला कागद असतो, आणि गोळ्या दुप्पट घेतो.

टॅम्पाहून

वरचं वाचून अंगावर काटा आला. आमची गोष्ट २०२४ ची. २६ सप्टेंबरला हेलीन वादळ, आणि पाठोपाठ ९ ऑक्टोबरला मिल्टन. टॅम्पाहूनच सुटणारी क्रूझ होती. शिकागोहून भाऊ-वहिनी येणार होते.

पोर्ट बंद होणं म्हणजे कोणीतरी अचानक फाटक लावतं असं नाही. कोस्ट गार्ड बंदराची अवस्था जाहीर करत जातं. जोराचा वारा ७२ तासांत अपेक्षित असेल तर व्हिस्की, ४८ तासांत एक्स-रे, २४ तासांत यँकी, १२ तासांत झुलू. झुलू म्हणजे येणंजाणं बंद. आम्ही इथे राहणारी माणसं टीव्हीवर हे शब्द ऐकतोच. तुमची क्रूझ फ्लोरिडाहून असेल तर निघायच्या आठवड्यात याकडे लक्ष ठेवा, कंपनीच्या ईमेलच्या आधी अंदाज येतो.

आमची फेरी कंपनीनेच रद्द केली, म्हणून भाडं पूर्ण परत मिळालं. लोकांचा इथे गोंधळ होतो. फेरीच रद्द झाली तर पैसे परत. फेरी एक-दोन दिवसांनी आखूड झाली तर बहुधा त्या प्रमाणात काहीतरी. पण फेरी झाली आणि बंदरं बदलली, तर करारानुसार कंपनी काहीही देणं लागत नाही, चुकलेल्या बंदराचा कर तेवढा खात्यात जमा होतो. तिकिटाच्या करारात हे स्पष्ट असतं. भावाची विमानं आणि हॉटेल ही वेगळी बुकिंगं होती, त्यात त्याचे बरेच पैसे गेले.

आणि तुम्ही जर किनाऱ्यालाच राहत असाल तर एक प्रश्न स्वतःला विचारा. आपण समुद्रात असताना घराच्या खिडक्यांना फळ्या कोण ठोकणार? आम्हाला त्या आठवड्यात घर सोडून ऑरलँडोकडे जावं लागलं. क्रूझ दोन दिवस आधीची असती तर घर तसंच उघडं राहिलं असतं.

पेडणे, गोवा

मी शिपवर रेस्टॉरंट विभागात होतो, आता गावी असतो. आमच्या भागातली पुष्कळ मुलं शिपवर आहेत, म्हणून आतली बाजू लिहितो.

खराब हवामान येणार हे आम्हाला गेस्टच्या आधी कळतं, कारण कामं बदलतात. ग्लासांचे रॅक पट्ट्यांनी बांधायचे, बशांच्या चळती छोट्या करायच्या, टेबलक्लॉथ ओला करून अंथरायचा म्हणजे प्लेट घसरत नाही. पूल रिकामा करून वर जाळी. लिफ्टजवळच्या कठड्यांना कागदी पिशव्या खोचून ठेवतात. पँट्रीतून हिरवी सफरचंदं आणि कोरडी बिस्किटं बाहेर काढतात. पोट ढवळत असेल तर रिकामं ठेवू नका, थोडं थोडं खा, आणि खालच्या डेकवर बोटीच्या मध्यभागी येऊन बसा. सगळ्यात वर पुढच्या टोकाला खोली घेतलेले लोक सगळ्यात जास्त आजारी पडलेले मी पाहिलेत.

वादळ शेकडो मैल लांब असलं तरी त्याच्या लाटा येतात. वर ऊन पडलेलं असतं, आकाश निळं, आणि बोट हलते. गेस्ट म्हणतात, हवा तर चांगली आहे, मग बंदर का चुकवलं? अहो, छोट्या बेटांवर मोठी बोट लांब उभी राहते आणि लोकांना लहान होडीतून नेतात. त्या लाटेत म्हाताऱ्या माणसाला होडीत पाय ठेवायला लावणार का? धक्का असला तरी एवढी उंच बोट जोराच्या आडव्या वाऱ्यात लावणं कठीण.

२०१५ च्या १ ऑक्टोबरला एल फारो नावाची मालवाहू बोट बहामाजजवळ होआकिन वादळात ३३ माणसांसकट गेली. सगळे बोटीवर काम करणारे. तेव्हा आमच्या क्रू मेसमध्ये कित्येक दिवस तोच विषय होता. ज्या कॅप्टनने बंदर सोडून दिलं, मार्ग लांबवला, त्याच्याविषयी मला आदरच वाटतो. कृपा करून रिसेप्शनवरच्या मुलीवर ओरडू नका. तिच्याही घरच्यांना कळत नसतं ती कुठे आहे, आणि पोर्ट बदललं की आमचं साइन ऑफही (काम संपवून घरी जाणं) पुढे जातं.

न्यू जर्सीहून

आमचा अनुभव व्हिसाचा. बायोनहून बर्म्युडाची क्रूझ, ऑगस्टअखेर. निघायच्या आदल्या संध्याकाळी ईमेल आला: बर्म्युडाच्या वाटेवर वादळ आहे, बोट त्याऐवजी कॅनडाला जाईल. मुलं अमेरिकन नागरिक, आमच्याकडे ग्रीन कार्ड, अडचण नव्हती. आईबाबा भारतीय पासपोर्टवर, कॅनडाचा व्हिसा नाही. त्यांना चढता येणार नाही असं फोनवर सांगण्यात आलं.

सत्तरी ओलांडलेल्या दोघांना घरी ठेवून जायचं का? कोणीच गेलं नाही. खूप फोनाफोनी केल्यावर पुढच्या क्रूझसाठी वापरायला काही रक्कम मिळाली, रोख नाही. आईने मात्र दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या केल्या, आणि मुलांनी त्या पॅक केलेल्या बॅगांवर बसून खाल्ल्या.

भारतीय पासपोर्टवाले सोबत असतील तर फक्त तिकिटावरच्या बंदरांचा व्हिसा बघून भागत नाही. पूर्वेचा कॅरिबियन बंद झाला तर पश्चिमेला मेक्सिको, बर्म्युडा बंद झालं तर कॅनडा. मेक्सिकोला अमेरिकेचा चालू व्हिसा पुरतो, कॅनडाला नाही.

पुण्याहून

माझा अनुभव क्रूझचा नाही, पण मोसमाचा आहे. २९ जून २०२४ ची टी-२० विश्वचषकाची फायनल बघायला आम्ही मित्र बार्बाडोसला गेलो होतो. जिंकलो, नाचलो, आणि दुसऱ्या दिवशी बेरिल वादळ येतंय म्हणून विमानतळ बंद. भारतीय संघही तिथेच अडकला, हे सगळ्यांना आठवत असेल. त्यांना खास विमान आलं, ४ जुलैला दिल्ली आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. आम्हाला जे विमान मिळेल ते, तीन शहरांतून फिरत.

हॉटेलवाल्यांनी बाल्कनीतल्या खुर्च्या आत घेतल्या, बाथटब पाण्याने भरून ठेवायला सांगितलं. बार्बाडोस त्यातल्या त्यात वाचलं, तरी ब्रिजटाउनला मच्छीमारांच्या होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या. मालवणला आमच्या मामाच्या होड्या आहेत, त्यामुळे ते दृश्य मला बघवलं नाही. पलीकडे ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर घरंच्या घरं गेली. बेरिल २ जुलैला श्रेणी ५ ला पोचलं, इतक्या लवकर असं वादळ नोंदींमध्ये पूर्वी नव्हतं. तेव्हा ‘सप्टेंबर टाळला की झालं’ यावर मी तरी विसंबणार नाही.

शार्लटहून

विम्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते, मी त्याच क्षेत्रात काम करते. वादळाला नाव मिळालं की विम्याच्या दृष्टीने ते माहीत असलेलं संकट. त्यानंतर घेतलेली पॉलिसी त्या वादळासाठी उपयोगाची नाही. लोक निघायच्या आठवड्यात टीव्ही बघून विमा घ्यायला धावतात, आणि मग दावा नाकारला की चिडतात. पहिला हप्ता भरला त्याच आठवड्यात पॉलिसी घ्या.

दुसरं, साध्या पॉलिसीत ‘मला भीती वाटते म्हणून जात नाही’ हे कारण चालत नाही. त्यासाठी कोणत्याही कारणाने रद्द करता येणारी महाग पॉलिसी असते. ती बहुतेक ठिकाणी पहिला हप्ता भरल्यापासून दोन-तीन आठवड्यांतच मिळते, साधारण ५० ते ७५ टक्के परत देते, आणि निघायच्या ४८ तास आधी रद्द करावं लागतं. घरात वृद्ध किंवा लहान बाळ असेल तर मी तीच सुचवते. बंदर चुकल्याबद्दल ठराविक रक्कम देणाऱ्याही पॉलिसी असतात, ते कलम वाचून घ्या.

आणि तो टीव्हीवरच्या नकाशातला, वादळाच्या वाटेचा अंदाज दाखवणारा पांढरा शंकू. मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर तो दर ६ तासांनी नवा काढतं. त्यात वादळाचं केंद्र कुठून जाईल तेवढंच दाखवलेलं असतं, आणि तेही साधारण तीनात दोन वेळाच शंकूच्या आत राहतं. वारा आणि पाऊस शंकूच्या कितीतरी बाहेर जातात. ‘आपलं पोर्ट शंकूत नाही’ एवढ्यावरून विमानात बसू नका.

अटलांटाहून

चांगलाही अनुभव नोंदवायला हवा. आम्ही निवृत्त झालोय, वेळेची घाई नाही, म्हणून मुद्दाम सप्टेंबरात गेलो. अरूबा, बोनेर, कुरासाव ही बेटं व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळ, वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहेत. अगदीच सुरक्षित असं नाही, पण शक्यता बरीच कमी. पाणी शांत, गर्दी नाही, बोनेरला गुडघाभर पाण्यात उभं राहून मासे दिसले. ज्यांना तारीख पुढेमागे झालेली चालते त्यांनी जावं असं मी म्हणेन. ज्याला सोमवारी सकाळी ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहायचंय त्याने जाऊ नये. निघायच्या बंदराच्या गावी आदल्या दिवशी पोचा, आणि परतीचं विमान बदलता येईल असं घ्या.

एक मात्र खटकतं. २०२५ च्या २८ ऑक्टोबरला मेलिसा वादळ जमैकावर आदळलं, ताशी १८५ मैल वारा. आमच्या ओळखीच्या एका ग्रुपची जमैका हुकली, त्याऐवजी मेक्सिकोचं कोझुमेल मिळालं, आणि त्यावर बरीच कुरकुर झाली. त्या बेटावर लोकांची छपरं गेली होती. आम्ही मागच्या वेळी ज्या बाईंकडून मसाले घेतले होते त्या जमैकातल्या फालमथच्याच. त्यांचं काय झालं ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

ह्यूस्टनहून, पुन्हा

एक राहिलं. अमेरिकेतल्या एका बंदरातून सुरू होऊन त्याच बंदरात संपणाऱ्या क्रूझला इथल्या नागरिकांना जन्मदाखला आणि फोटो ओळखपत्र चालतं, म्हणून पुष्कळजण मुलांचे पासपोर्ट काढतच नाहीत. पण मध्येच परक्या देशातल्या बंदरातून विमानाने परतायची वेळ आली तर जन्मदाखल्यावर विमानात घेत नाहीत. मुलांचेही पासपोर्ट काढा आणि सोबत ठेवा. आणि पार्किंगची पावती फोनमध्ये ठेवा, आमच्याकडून जास्तीच्या दिवसांचे पैसे मागितले होते, पावती आणि बोटीचं पत्र दाखवल्यावर माफ केले.