पेपर टाकला, आणि मग? तुमचे अनुभव लिहा

रंगरेषा
काल जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा फोन आला. "टाकला गं पेपर!" एवढंच म्हणाली आणि हसत सुटली. मला माझे ते दिवस आठवले.

माझी नोकरी वाईट नव्हती. पगार वेळेवर, माणसंही चांगली. पण आठवडाभर ज्या तक्त्यांत डोकं घालायचे, त्यांचं पुढे काय होतं ते कुणालाच ठाऊक नसायचं. चित्रांसाठी संध्याकाळ उरायची, पण मीच उरायचे नाही. शिवाय तैलरंगाला घाई चालत नाही. एक थर हाताला सुका लागायला काही दिवस जातात, तेवढ्यात डोक्यातलं चित्र निघून जायचं. शेवटी सोडली. सुरुवातीला रोज ऑफिसच्याच वेळेला जाग येऊन छातीत धडधडायचं. पुढे तीच वेळ चित्राची झाली.

तुमच्यापैकी कुणी असं केलंय? सोडता सोडता थांबला असाल तरी लिहा.

ओलीमाती
माझं मातीकाम. चाकावरचं भांडं अर्धवट वाळलेलं असतानाच त्याचा तळ तासावा लागतो. मी ऑफिसातून येईपर्यंत ते खडखडीत! पहिली भाजणी साधारण हजार अंश सेल्सिअसची, आणि भट्टी निवेपर्यंत उघडायची नाही. हे सगळं सुट्टीच्या एका दिवसात कसं बसवणार? "आवड असेल तर वेळ निघतो" म्हणणाऱ्यांचा मला अजून राग येतो. वेळ निघतो हो, सलग निघत नाही.

चष्मिष्ट
सलग निघत नाही!!! +१००

दुसरी_बाजू
आमच्याकडे नवऱ्याने सोडली, माझी चालू आहे. यावर कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. तो लाकडात कोरीवकाम करतो, सुंदर करतो. पण पहिल्या वर्षी मी दमून घरी यायचे आणि तो भुशात बसून गुणगुणत असायचा, तेव्हा आतून काहीतरी दुखायचं. भांडलो, मग कागद घेऊन बसलो. घरखर्च किती, साठवलेलं किती दिवस पुरेल, स्वयंपाक कोणाचा, आणि माझी पाळी कधी. हो, माझी पण पाळी आहे! मला लिहायचंय. तारीख ठरली आहे. कुकर झालाय, पळते.

रंगरेषा
दुसरी_बाजू, अगं किती खरं लिहिलंस. तुझी तारीख आली की इथे सांगच.

जुनापुराणा
मी सोडली नाही, कामाचे तास कमी करून घेतले. चार्ल्स आइव्हज हा अमेरिकन संगीतकार विमा व्यवसायात होता आणि उरलेल्या वेळात संगीत रचायचा. १९३० मध्ये तो व्यवसायातून निवृत्त झाला, पण नवीन रचणं त्याआधीच जवळपास थांबलं होतं. तब्येत साथ देत नव्हती. हे वाचल्यापासून "रिटायर झाल्यावर बघू" हे वाक्य मला उच्चारवत नाही.

ओलीमाती
दादा, उलटंही आहे ना. आंरी रूसो पॅरिसच्या जकात खात्यात होता. १८९३ मध्ये, एकोणपन्नासाव्या वर्षी नोकरी सोडून पूर्णवेळ चित्रं काढू लागला. आज नाव आहे ते चित्रांमुळे.

जुनापुराणा
ताई, मी पन्नाशीच्या पुढे आहे. तरी आनंद झाला.

बाळाची_आई
विषयांतर करते, सॉरी. रंगरेषा, तैलरंगाच्या वासाचं काय करता? घरात तान्हं बाळ आहे, हात तर शिवशिवतायत.

रंगरेषा
टर्पेंटाइन मी बंदच केलं. ब्रश आधी पुसायचा, मग साध्या तेलात घोळवून साबणाने धुवायचा. तेलरंगाच्या चिंध्या मात्र बोळा करून ठेवू नकोस, जवसाचं तेल सुकताना तापतं आणि त्या आपोआप पेटू शकतात. पसरून, सुटसुटीत वाळव. नाहीतर बाळ मोठं होईपर्यंत अ‍ॅक्रिलिक घे, मिनिटांत वाळतं.

चष्मिष्ट
चिंध्या पेटतात? हे नव्हतं माहीत!

बाळाची_आई
अ‍ॅक्रिलिकच घेते मग. खूप थँक्यू 🙏

नोटीस_पिरियड
फक्त वाचत होतो. शेवटचा आठवडा चालू आहे, पुढे पूर्णवेळ व्हायोलिन. घरी सांगितलंय, आजोबांना सोडून. ते रोज विचारतात, "बढती कधी?" कसं सांगू?

दुसरी_बाजू
आधी वाजवून दाखव त्यांना. मग सांग.

नोटीस_पिरियड
त्यांना कमी ऐकू येतं हो 😄 पण जवळ बसून वाजवतो. उद्याच.