जर्मनीत छोटा फ्लॅट भाड्याने घेताना वीज आणि हीटिंगसाठी महिन्याला किती रक्कम बाजूला ठेवावी?

निघण्याच्या_तयारीत

नमस्कार मंडळी. मी १ ऑक्टोबरपासून आखेनला पदव्युत्तर शिक्षणासाठी येत आहे आणि २६ चौरस मीटरचा, एका खोलीचा फ्लॅट जवळजवळ ठरला आहे. घरमालकांनी पाठवलेल्या करारात काल्टमीटे, म्हणजे निव्वळ जागेचे भाडे, ३३० युरो आणि नेबेनकोस्टेन, म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई वगैरे खर्चांपोटी ९० युरो, अशी मिळून ४२० युरो वार्ममीटे दाखवली आहे. वीज आणि इंटरनेटचा करार मी स्वतः करायचा आहे, असे त्यांनी वेगळे कळवले आहे. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आगाऊ पैसे भरलेल्या आणि दरमहा ठरावीक रक्कमच देणाऱ्या खात्यातून, माझ्या हाती महिन्याला ९९२ युरो येणार आहेत. त्यातून भाडे आणि आरोग्य विम्याचा हप्ता गेला की उरणारी रक्कम इतकी मोजकी आहे की, वर्षभराने अचानक एखादे मोठे बिल आले तर ते भरण्यासाठी माझ्याकडे दुसरी सोय नाही.

वार्ममीटे भरली की हीटिंगचा विषय संपला असे मानावे का, आणि विजेसाठी किती धरावेत? शिवाय करारात एक वाक्य आहे, ज्याचा अर्थ मला 'गरम पाणी न्हाणीघरातील डुर्खलाउफएरहिट्सरमधून मिळेल' असा लागला. या उपकरणाचा खर्च नेबेनकोस्टेनमध्ये धरलेला असतो का? कृपया अनुभवाने आणि आकड्यांसह सांगावे.

हिशेबवही

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि नव्याने येणाऱ्या बहुतेकांची गल्लत नेमकी इथेच होते. ९० युरो हे तुमचे बिल नाही. ती फोरआउसत्सालुंग, म्हणजे आगाऊ भरलेली अंदाजी रक्कम आहे. वर्ष संपले की घरमालक प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब मांडतात, त्यातून तुम्ही भरलेले पैसे वजा करतात आणि फरक तुमच्याकडे मागतात किंवा तुम्हाला परत करतात. करारात मात्र 'पाउशाले' हा शब्द असेल तर ती ठरावीक रक्कम असते आणि तिचा वार्षिक हिशेब होत नाही. त्यामुळे सही करण्यापूर्वी या दोन शब्दांपैकी कोणता शब्द लिहिलेला आहे, हे सर्वांत आधी पाहावे.

आगाऊ रक्कम असेल तर तुमच्यासारख्या ऑक्टोबरमध्ये येणाऱ्या व्यक्तीने एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. हप्ता बाराही महिने सारखाच असला तरी उष्णतेचा खर्च बाराही महिने सारखा नसतो. वर्षाच्या मध्येच भाडेकरू बदलला आणि त्या दिवशी मीटरची नोंद झाली नसेल, तर येथे ग्राडटागत्सालेन नावाचा तक्ता वापरतात, ज्यात संपूर्ण वर्षाच्या हीटिंगचे १,००० भाग केलेले असतात. ऑक्टोबरचे ८०, नोव्हेंबरचे १२०, डिसेंबरचे १६०, जानेवारीचे १७०, फेब्रुवारीचे १५०, मार्चचे १३० अशी त्यांची वाटणी आहे, तर जून, जुलै आणि ऑगस्ट या तिन्ही महिन्यांचे मिळून केवळ ४० भाग येतात. नोंद झालेली असली तरी प्रत्यक्ष खर्चाचा चढउतार साधारण असाच असतो.

आता तुमच्या ९० युरोंपैकी ४० युरो हीटिंगचे आहेत आणि घरमालकांचा वर्षाचा अंदाज, म्हणजे ४८० युरो, अगदी अचूक आहे असे समजू. ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत तुम्ही १२० युरो भराल, परंतु त्या तीन महिन्यांच्या वाट्याला वर्षाचे ३६ टक्के, म्हणजे सुमारे १७३ युरो येतात. कोणाचीही चूक नसताना आणि तुम्ही उधळपट्टी केलेली नसतानाही ५३ युरो तुमच्याकडे निघतात. एखादी विद्यार्थिनी केवळ हिवाळी सत्रापुरती, ऑक्टोबर ते मार्च राहून गेली, तर तिच्या वाट्याला वर्षाच्या हीटिंगचे ८१ टक्के, म्हणजे ३८९ युरो येतात आणि तिने भरलेले असतात २४०. म्हणून ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत महिन्याला किमान २५ युरो वेगळे ठेवावेत आणि त्यांना उन्हाळ्यातही हात लावू नये.

हा हिशेब हाती येण्यास लागणारा वेळही ध्यानात ठेवावा. हिशेबाचे वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत तो तुमच्यापर्यंत पोहोचवण्याचे बंधन घरमालकांवर आहे, याचा अर्थ या ऑक्टोबर ते डिसेंबरचा हिशेब पुढच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत कधीही येऊ शकतो. तोपर्यंत आपण ते तीन महिने पूर्णपणे विसरून गेलेलो असतो.

ऱ्हाईनकाठ

हीटिंगविषयी वरती नेमके लिहिले आहे, त्यामुळे मी गरम पाण्याविषयी लिहितो, कारण माझ्या पहिल्या घरात माझा अंदाज तिथेच चुकला होता. डुर्खलाउफएरहिट्सर हा पाणी वाहत असतानाच ते विजेवर तापवणारा गीझर असतो. त्यात साठवणीची टाकी नसते, म्हणून वाहते पाणी क्षणात तापवण्यासाठी तो १८ ते २४ किलोवॉट इतकी प्रचंड शक्ती घेतो. तो तुमच्या घरातील मीटरवर चालतो, त्यामुळे त्याचा खर्च नेबेनकोस्टेनमध्ये येत नाही. तो थेट तुमच्या वीजबिलात येतो. काही जण 'उपकरण केवळ दहा मिनिटे चालते, त्याने असे काय होणार' असे म्हणतात. मीही तेच समजत होतो.

हिशेब करून पाहा. शॉवरमधून मिनिटाला १० लिटर पाणी पडते आणि तुम्ही दहा मिनिटे अंघोळ करता, म्हणजे १०० लिटर पाणी झाले. नळाचे पाणी १० अंशांवरून ३८ अंशांवर न्यायचे तर सुमारे ३.३ युनिट वीज लागते. युनिटला ३५ सेंट दर धरला तर एका अंघोळीला सुमारे १ युरो १४ सेंट पडतात आणि रोज एक या प्रमाणे वर्षाला ४१५ युरोंच्या आसपास होतात. तेच मिनिटाला ६ लिटर पाणी देणारे शॉवरचे तोंड बसवले तर तितक्याच वेळाच्या अंघोळीचा खर्च ६८ सेंटवर येतो. इतक्या स्वस्तात इतकी बचत करून देणारी दुसरी वस्तू घरात नसेल, मात्र ती बसवण्याआधी घरमालकांना विचारावे, कारण काही जुने गीझर पाण्याचा प्रवाह फार कमी झाला तर सुरूच होत नाहीत.

गरम पाणी वगळता एकट्या माणसाला वर्षाला साधारण १,००० ते १,५०० युनिट लागतात. तुमची खोली लहान आहे, म्हणून १,००० धरू. त्यात गरम पाण्याचे सुमारे १,२०० युनिट मिळवले की २,२०० युनिटांचे ७७० युरो होतात आणि ग्रुंडप्राइस, म्हणजे स्थिर आकार, महिन्याला १२ युरो धरला तर वर्षाचे एकूण ९१४ युरो होतात. म्हणजे महिन्याला सुमारे ७६ युरो. अंघोळ आटोपशीर ठेवली तर ६०-६५ युरोंमध्ये भागेल, पण आखणी ७६ युरोंचीच करावी.

यातही एक सावधगिरी आहे. तुम्ही कोणताही करार न करता दिवा लावला की तुम्ही आपोआप ग्रुंडफरझॉर्गुंगमध्ये, म्हणजे त्या भागातील मूळ पुरवठादाराच्या दरात जाता, आणि तो दर बहुधा महाग असतो. तो करार दोन आठवड्यांच्या सूचनेने सोडता येतो. पूर्वी घरात राहायला आल्यावर काही आठवड्यांनी मागील तारखेपासून नवा पुरवठादार घेता येत असे, परंतु जून २०२५ पासून ती सोय बंद झाली आहे. म्हणून फ्लॅटचा मीटर क्रमांक घरमालकांकडून आधीच मागून घ्यावा आणि १ ऑक्टोबरच्या पुरेसे आधी करार करावा. दरांची तुलना करणारी संकेतस्थळे नव्या ग्राहकाला मिळणारा बोनस वजा करून महिन्याची रक्कम दाखवतात. तो बोनस अनेकदा वर्ष पूर्ण झाल्यावरच मिळतो, त्यामुळे महिन्याच्या हिशेबात तो मुळीच धरू नये.

तळमजला

खर्चाच्या यादीत रुंडफुंकबाइट्राग राहिला. हे सार्वजनिक प्रसारणाचे शुल्क घरागणिक महिन्याला १८.३६ युरो आहे. घरात टीव्ही किंवा रेडिओ नसला तरी ते द्यावे लागते, आणि विद्यार्थी असणे एवढेच कारण सवलतीला पुरत नाही. पत्त्याची नोंदणी केल्यावर काही आठवड्यांनी त्याचे पत्र येते. ते जाहिरात समजून बाजूला टाकू नये, कारण मागील महिन्यांची रक्कम साचत जाते. एका घरात चार जण राहत असले तरी ते एकदाच भरायचे असते, तुम्ही एकट्या असल्याने ते पूर्ण तुमच्यावर येईल.

हीटिंगचा खर्च टाळण्यासाठी मी पहिल्या हिवाळ्यात रेडिएटर जवळपास बंदच ठेवले होते. एवढी थंडी सोसूनही वार्षिक हिशेबात रक्कम फारशी उतरली नाही, उलट पलंगामागच्या भिंतीवर बुरशी धरली.

हिशेबवही

तळमजला यांच्या अनुभवामागचे कारण सांगणे आवश्यक वाटते. मध्यवर्ती हीटिंग असलेल्या इमारतीत एकूण खर्चाचा किमान ५० आणि कमाल ७० टक्के भाग प्रत्यक्ष वापरानुसार वाटला जातो आणि उरलेला भाग सहसा घराच्या क्षेत्रफळानुसार वाटला जातो. म्हणजे रेडिएटर पूर्ण बंद ठेवला तरी ३० ते ५० टक्क्यांतला तुमचा वाटा सुटत नाही. थर्मोस्टॅटवरचा ३ हा आकडा साधारण २० अंश तापमान दर्शवतो, तेवढे पुरेसे असते. तापमान एका अंशाने कमी ठेवले तर हीटिंगचा खर्च ढोबळमानाने ६ टक्के घटतो, त्यामुळे बचतीला वाव आहे, परंतु ती अंशाअंशाने करावी. खिडकी दिवसभर किलकिली ठेवू नये; दिवसातून दोन-तीन वेळा थर्मोस्टॅट बंद करून पाच ते दहा मिनिटे ती सताड उघडावी, म्हणजे दमट हवा बाहेर जाते आणि भिंती थंड पडत नाहीत.

निघण्याच्या_तयारीत

सर्वांचे मनापासून आभार. करार पुन्हा वाचला, त्यात 'फोरआउसत्सालुंग' असेच लिहिले आहे. आता दोन शंका उरल्या आहेत. नेबेनकोस्टेनची रक्कम मीच घरमालकांना वाढवायला सांगावी का? आणि वार्षिक हिशेब आल्यावर तो बरोबर आहे की नाही, हे मला जर्मन नीट येत नसताना कसे तपासता येईल?

ऱ्हाईनकाठ

रक्कम वाढवायला सांगण्यात गैर काही नाही, पण माझ्या मते तेच पैसे स्वतःच्या बचत खात्यात ठेवावेत, म्हणजे मध्येच खरी अडचण आली तर ते हाताशी राहतात. त्याऐवजी घरमालकांकडे या फ्लॅटच्या मागील वर्षीच्या नेबेनकोस्टेनआबरेखनुंगची, म्हणजे वार्षिक हिशेबाची प्रत मागावी, आधीच्या भाडेकरूचे नाव झाकून दिली तरी चालेल. भाडे आकर्षक दिसावे म्हणून आगाऊ रक्कम मुद्दाम कमी लिहिलेली असते तेव्हा ती बाब या एका कागदावरून उघड होते.

चावी घेताना युबरगाबेप्रोटोकोल, म्हणजे ताबा-पत्रक भरले जाते, त्यात विजेच्या मीटरचा आकडा, पाण्याच्या मीटरचा आकडा आणि प्रत्येक रेडिएटरवरच्या लहान मोजणी-यंत्राचा आकडा लिहून घ्यावा आणि सगळ्यांचे फोटो काढावेत. माझ्या वेळी हे राहून गेले आणि आधीच्या भाडेकरूने वापरलेले काही युनिट माझ्या नावावर आले, ते दुरुस्त करून घेण्यात पाच महिने गेले. घर सोडतानाही हेच करावे.

हिशेबवही

तपासणीसाठी भाषा फार लागत नाही. हिशेबाचा कालावधी, त्यातील तुमचे महिने, घराचे क्षेत्रफळ आणि तुम्ही भरलेली आगाऊ रक्कम हे चार आकडे आधी जुळवून पाहावेत. त्यानंतर फरवाल्टुंग म्हणजे व्यवस्थापनाचा खर्च किंवा रेपाराटुअर म्हणजे दुरुस्तीचा खर्च यादीत दिसतो का ते पाहावे. हे दोन्ही खर्च भाडेकरूवर टाकता येत नाहीत. १ जुलै २०२४ पासून केबल टीव्हीचे शुल्कही नेबेनकोस्टेनमधून वसूल करता येत नाही. मूळ पावत्या पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि हिशेब मिळाल्यापासून बारा महिन्यांपर्यंत आक्षेप नोंदवता येतो. हिशेबच मुदतीनंतर आला आणि त्या उशिराला घरमालक स्वतः जबाबदार असतील, तर फरकाची रक्कम त्यांना मागता येत नाही. तुमचे येणे असेल तर ते मात्र बुडत नाही. अडल्यास मीटरफेराइन, म्हणजे भाडेकरूंची संघटना, वर्गणी भरून सदस्य झालेल्यांना सल्ला देते, आणि अनेक विद्यापीठांत आस्टा या विद्यार्थी-मंडळाकडूनही असा सल्ला मिळतो.

अनामत रक्कम काल्टमीटेच्या तिपटीपेक्षा अधिक घेता येत नाही, म्हणजे तुमच्या बाबतीत ९९० युरो, आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क तुम्हाला आहे. पहिल्या महिन्याचा ताण त्यामुळे बराच कमी होईल. घर सोडल्यावर शेवटचा हिशेब बाकी असेल तर तिचा काही भाग घरमालक तोपर्यंत राखून ठेवू शकतात, त्यामुळे परतीच्या प्रवासाचे किंवा पुढच्या घराचे पैसे त्या रकमेवर अवलंबून ठेवू नयेत.

निघण्याच्या_तयारीत

घरमालकांनी मागील वर्षीचा हिशेब आजच पाठवला. आधीच्या भाडेकरूने महिन्याला ९० युरो भरले होते आणि वर्षाअखेर त्याच्याकडे १३७ युरो निघाले होते. त्यामुळे मी वार्ममीटेशिवाय महिन्याला विजेचे ७६, रुंडफुंकबाइट्रागचे १८.३६, इंटरनेटचे ३५ आणि हिशेबातील फरकासाठी २५ असे एकूण १५४ युरो ३६ सेंट धरले आहेत. फरकाचे २५ युरो हिवाळ्यापुरते न ठेवता बाराही महिने बाजूला टाकणार आहे. मीटर क्रमांकही मागितला आहे. तो मिळताच विजेचा करार करीन.