तंबाखूमुक्त मोहीम चालली की नाही हे मोजायचं कसं?

गुहागरकर:
आमच्या ग्रामपंचायतीने शाळेत शपथ घेतली, भिंतीवर बोर्ड रंगवला, फोटो वर पाठवले आणि आता अहवालात मोहीम यशस्वी असं लिहायचंय. पण टपरीवर पुड्यांच्या माळा तशाच लटकतायत आणि मे महिन्यातल्या क्रिकेट स्पर्धेला वेलचीच्या एका ब्रँडचा एजंट टी-शर्ट, ट्रॉफी देतो म्हणतोय. त्याच नावाची तंबाखूची पुडीपण आहे. पोरं खूश. कोणी असं मूल्यमापन केलंय का?

आरोग्यसेविका_चिपळूण:
सर, शपथ किती जणांनी घेतली या आकड्यावरून काहीच कळत नाही. टपरी शाळेपासून किती लांब ते टेप लावून बघा, कायद्यात शाळेपासून 100 यार्डांच्या आत, म्हणजे साधारण 91 मीटरच्या आत, विक्रीला बंदी आहे, 18 च्या आतल्या पोराला पुडी मिळते का तेही बघा, आणि आता एकदा नि सहा महिन्यांनी परत एकदा लिहून ठेवा. घरोघरी विचाराल तेव्हा मशेरीचं वेगळं विचारा, बायका ती तंबाखूत धरतच नाहीत. 2016-17 च्या गॅट्स म्हणजे प्रौढांमधल्या तंबाखू वापराच्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात बिडी-सिगारेट ओढणारे प्रौढ 3.8 टक्के आणि चघळायची-लावायची तंबाखू वापरणारे 24.4 टक्के होते, मग नुसते धूम्रपानबंदीचे बोर्ड मोजून काय होणार?

मालवण_किनारा:
मला टी-शर्टचं जास्त टोचलं. 2003 च्या कायद्यात तंबाखूच्या जाहिरातीला बंदी आहे म्हणून तर वेलची पुढे करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू करारात कलम 5.3 आहे, सरकारी धोरणात कंपन्यांचा शिरकाव होऊ द्यायचा नाही म्हणून, भारताने तो करार 2004 लाच मान्य केलाय, आणि 2020 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या अधिकाऱ्यांसाठी आचारसंहितापण काढली. गावापर्यंत यातलं काही पोचतच नाही! तुम्ही पंचायतीत एक वही ठेवा, कोण एजंट आला, कोणाला भेटला, काय देऊ केलं, आपण घेतलं की परत पाठवलं. मूल्यमापन खरं त्या वहीत होईल.

गुहागरकर:
वही पटली. ट्रॉफीसाठी आमच्या मुंबई मंडळाला विचारतो, चाकरमानी नाही म्हणणार नाहीत. पण टपरीवाला वाडीतलाच आहे हो, घर त्यावरच चालतं.

आरोग्यसेविका_चिपळूण:
मग पावती फाडण्यापासून सुरुवात नको. त्याच्या टपरीवरचा तो चकचकीत बोर्ड कोणी लावून दिला आणि त्याबदल्यात काय मिळतं ते आधी विचारा, तेही वहीत येऊ दे.