बेअरिंग बसवलं कसं, तेही पाहा
खड्डे आणि साचलेलं पाणी गाडीच्या चाकाचं बेअरिंग (दोन रिंगांमध्ये बॉल असलेला, चाक सहज फिरू देणारा भाग) खातात, असं म्हणतात, ते मान्यच. पण त्याच चाकाचं नवं बेअरिंगही लगेच घरघरायला लागलं, तर आधी ते बसवलं कसं ते विचारा. स्टिअरिंग नकलमध्ये (पुढचं चाक ज्यावर बसतं, त्या वळणाऱ्या भागात) बेअरिंग प्रेसवर (दाबयंत्रावर), फक्त बाहेरच्या रिंगवर दाब देऊन बसवायचं असतं. आतल्या रिंगवर हातोडा पडला की तो जोर बॉलमधून जातो आणि रेसवर (बॉल फिरतात त्या खाचेवर) बारीक खळगे पडतात. नवं बेअरिंग जन्मतःच जायबंदी!

आमच्या सात सीटरचं पुढचं डावं असंच पावसाळाभरही टिकलं नाही (मेकॅनिक म्हणे, मालच खराब). मग दुसऱ्या गॅरेजमध्ये नवं प्रेसवर बसवून, अ‍ॅक्सल नट (चाकाच्या मधला मोठा नट) टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्याने, आवळून घेतला. घरघर बंद. एबीएसवाल्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या) गाडीत बेअरिंगची चुंबकीय बाजू चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडेच आहे ना, हेही बघून घ्या.